हँडब्रेकसाठी गाडी बदलावी का?

चिपळूणहून आपण पाठवलेल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी : तीन महिन्यांपूर्वी आपण एका परिचितांकडून २०१७ सालची पेट्रोल हॅचबॅक २,७५,००० रुपये रोख देऊन घेतली, घरासमोरच्या उतारावर ती हँडब्रेक पूर्ण ओढूनही मागे सरकते, गॅरेजने दुरुस्तीचा खर्च १३,५०० रुपये सांगितला आहे, आणि घरच्यांच्या मते ही गाडी २,२०,००० रुपयांना एक्स्चेंजमध्ये देऊन, वर सहा लाखांचे कर्ज काढून नवी गाडी घ्यावी. आपल्या हाती दरमहा ५८,००० रुपये येतात, त्यांतून गृहकर्जाचा १७,००० रुपयांचा हप्ता आणि ७,००० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक) जाते, आणि अडीअडचणीसाठी १,४०,००० रुपये मुदत ठेवीत आहेत.

माझे मत स्पष्ट आहे : गाडी बदलू नये, पण दुरुस्ती याच आठवड्यात करावी.

सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १२,६०० रुपये येतो आणि व्याजापोटीच दीड लाखाहून अधिक रक्कम जाते. गृहकर्जासह हप्त्यांची बेरीज २९,६०० रुपये, म्हणजे वेतनाच्या निम्म्याहून अधिक होईल, आणि अशा वेळी सर्वप्रथम बंद पडते ती एसआयपी, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. शिवाय आजची गाडी विकताना ५५,००० रुपयांचा तोटा लगेच पदरी पडतो. म्हणून दुरुस्तीचा आकडा या ५५,००० शी ताडून पाहावा. १३,५०० रुपये त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहेत.

तरीही हे पैसे देण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे मागची दोन्ही चाके उघडून आपल्यासमोर दाखवण्यास सांगावे. अशा गाड्यांत हँडब्रेकचा लिव्हर केबल ओढून मागच्या चाकाच्या ड्रममधील ब्रेक शू, म्हणजे घर्षणाचा थर (लायनर) लावलेल्या कमानी, ड्रमवर दाबतो. त्यामुळे लायनर झिजले, केबल सैल झाली किंवा कोकणच्या दमट हवेत ती गंजून आपल्या नळीत अडकली, तरी चालकाला जाणवणारे लक्षण जवळपास एकच असते, मात्र खर्चात मोठा फरक पडतो. लायनर झिजलेले असताना नुसती केबल आवळून दिली, तर खर्च कमी होतो खरा, पण शू ड्रमला घासत राहण्याची, चाक तापण्याची आणि पेट्रोल जास्त लागण्याची शक्यता असते. ड्रमच्या आत ओल दिसली, तर व्हील सिलिंडरमधून, म्हणजे पायाचा ब्रेक दाबल्यावर हे शू ढकलणाऱ्या भागातून, ब्रेक ऑइल गळत असू शकते, आणि मग प्रश्न हँडब्रेकपुरता न राहता पायाच्या ब्रेकचाही होतो. आपण महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने कराडला जाता. ही तपासणी होईपर्यंत त्या रस्त्याने ही गाडी नेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोवर गाडी सपाट जागी, गिअरमध्ये आणि चाकाला दगड लावून उभी करावी.

गाडी लिफ्टवर असतानाच खालचा पत्रा आणि ब्रेकचे धातूचे पाइप पाहून घ्यावेत. पत्रा आतून गंजून पोखरला असेल, तर मात्र माझा सल्ला बदलेल, कारण मग आज हँडब्रेकवर घातलेले पैसे गाडीचे आयुष्य वाढवणार नाहीत.

आपण पत्रात न विचारलेली एक बाब मला दुरुस्तीइतकीच महत्त्वाची वाटते. विमा आपल्या नावावर झाला आहे का? वाहन हस्तांतरित झाल्यावर तृतीय पक्षाचे (अपघातात इतरांच्या नुकसानीचे) संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे येते, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण पॉलिसी नावावर करून घेतल्याशिवाय मिळत नाही, आणि त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आपल्याला मिळत नसल्याने त्या फरकाची रक्कम भरावी लागेल. झीज आणि यांत्रिक बिघाड यांचा खर्च विमा देत नाही. उलट वाहन सुस्थितीत ठेवणे ही पॉलिसीची अट असते, त्यामुळे माहीत असलेला ब्रेकचा दोष तसाच ठेवल्यास दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

दुरुस्तीचे पैसे मुदत ठेवीतून घ्यावेत. अशाच प्रसंगासाठी ती ठेवलेली असते. एसआयपीला हात लावू नये. पुढील महिन्यापासून गाडीसाठी २,००० रुपयांची स्वतंत्र आवर्ती ठेव सुरू करावी, म्हणजे सात महिन्यांत ही रक्कम भरून निघेल, आणि त्यानंतर तीच ठेव टायर, बॅटरी व विम्याच्या हप्त्यासाठी चालू राहील. गॅरेजला सुट्या भागांपुरती रक्कम आगाऊ द्यावी, आणि मजुरी मात्र आपल्या घरासमोरच्या त्याच उतारावर, गिअर न टाकता, केवळ हँडब्रेकवर गाडी जागची हलत नाही हे मेकॅनिकच्या उपस्थितीत पाहिल्यानंतरच चुकती करावी.