लंडनजवळच्या सनिंगडेल ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानावर पहिल्यांदा खेळताना काय सांभाळावं?

हेदर! पाइन-बर्चच्या झाडीपेक्षा तीच जास्त शॉट खाते. हेदरची झुडपं जेमतेम घोट्याएवढी, पण देठ तारेसारखे चिवट. क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, मानेला गुंडाळले की उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या क्लबचं तोंड डावीकडे वळतं. तिथे लांबचा फटका मारायचा मोह नकोच. वेज (चेंडू उंच उडवणारा आखूड क्लब) काढा, दांडा घट्ट धरा आणि जवळच्या फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, या.

जमीन रेताड, पाणी लगेच मुरतं. उन्हाळ्यात चेंडू खूप घरंगळतो, म्हणून ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अलीकडे टाकून धावू द्या. विली पार्क ज्युनियरने आखलेला हा कोर्स 1901 मध्ये खुला झाला. अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सने 1926 मध्ये इथेच 66 फटक्यांची अप्रतिम फेरी खेळली. जमलं तर ऑगस्टअखेरीस जा, हेदर जांभळी फुललेली असते.