ताप उतरला, बाटली अर्धी उरली

अडीच वर्षांच्या मुलीला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकचं पातळ औषध लिहून दिलं: दर वेळी ६ मिलि, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. चौथ्या दिवशी सकाळी, औषध पाजण्याआधी, तिच्या आईने समुपदेशनासाठी फोन केला. तिने विचारलेले तिन्ही प्रश्न असं औषध घरात आलं की हमखास निघतात. "ताप उतरलाय, आता औषध बंद केलं तर चालेल का? माहितीपत्रकात लघवीच्या आणि आतड्याच्या संसर्गासाठी असं लिहिलंय, आणि धाकट्याला कालपासून जुलाब होतायत, त्याला यातलंच थोडं देऊ का? सासूबाईंनाही लघवीला जळजळ होतेय, त्यांना दोन झाकणं दिली तर?"

उत्तर देण्याआधी तिला बाटली उजेडासमोर धरायला सांगितलं. किती उरलंय?

"अर्ध्याहून जरासं जास्त."

बाटली ५० मिलिची. तीन दिवसांचे सहा डोस, प्रत्येकी ६ मिलि, म्हणजे ३६ मिलि संपून जेमतेम १४ मिलि उरायला हवं होतं. इथे २६ मिलिच्या आसपास शिल्लक होतं. म्हणजे दर वेळी मुलीच्या पोटात सुमारे ४ मिलिच गेलं, सांगितलेल्या मात्रेच्या दोन तृतीयांश. हा हिशोब कुणीही घरच्या घरी करू शकतं आणि पातळ औषधाच्या बाबतीत तो दर दोन दिवसांनी करावाच. "रोज न चुकता दिलं" असं सांगणारे पालक खोटं बोलत नसतात. त्यांनी वेळ पाळलेली असते, गफलत झालेली असते मापात.

ती कशी झाली, तेही लगेच कळलं. बाटलीसोबतच्या झाकणावर २.५ आणि ५ मिलि अशा दोनच खुणा होत्या, ६ ची खूण नव्हती. आई "एक झाकण आणि वर थोडं" देत होती. झाकण हातात तिरपं धरलं की ५ ची खूण आधीच गाठल्यासारखी दिसते, शिवाय घट्ट औषधाचा थर झाकणातच चिकटून राहतो. मूल तोंड फिरवतं तेव्हा उरलेलं ओघळून जातं ते वेगळंच. घरातला चमचा तर याहून बेभरवशाचा, एखाद्यात ३ मिलि मावतं तर एखाद्यात ७. उपाय सोपा आहे. औषध पाजण्यासाठी बिनसुईची सिरिंज मिळते, ती ५ किंवा १० मिलिची घ्यावी. दांड्याची पुढची कड ज्या रेषेवर असेल ते माप. आत बुडबुडा आला असेल तर औषध परत ढकलून पुन्हा ओढावं. मुलाला बसतं धरून गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडावं. घशात थेट पिचकारी मारली तर ठसका लागतो, आणि पुढच्या डोसला मूल तोंडच उघडत नाही.

दुसरी गफलत होती बाटली हलवण्याची. "पहिल्या दिवशी हलवली होती," आई म्हणाली. हे औषध साखरेच्या पाकासारखं एकजीव नसतं. औषधाचे बारीक कण पाण्यात नुसते तरंगत असतात, बाटली ठेवली की ते तळाशी बसतात. न हलवता ओतलं तर वरचं पातळ, कमी औषधाचं पाणी आधी जातं आणि जोरकस गाळ शेवटच्या डोसांसाठी उरतो. म्हणजे या मुलीच्या बाबतीत दुहेरी घट झाली होती: माप कमी आणि त्यातही औषध कमी. प्रत्येक वेळी बाटली उलटीसुलटी करून नीट हलवावी, तळ पांढरा दिसायचा थांबला की मगच झाकण उघडावं.

मग ताप उतरला कसा? आई पॅरासिटामॉलही देत होती. शेवटचा डोस आदल्या रात्री ८ ला दिलेला, सकाळी ९ ला ताप नव्हता, तेव्हा उतार खरा असावा. या औषधातलं एक द्रव्य, ट्रायमेथोप्रिम, लघवीत भरपूर साठतं, त्यामुळे कमी मात्रेतही जंतूंची संख्या घटू शकते. पण घटणं म्हणजे संपणं नव्हे. लहान मुलांत तापासोबत येणारा लघवीचा संसर्ग बऱ्याचदा मूत्रपिंडापर्यंत चढलेला असतो, आणि अर्धवट उपचाराने तो पुन्हा उसळला तर मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहू शकतो. औषध पुरेसं पोटातच गेलेलं नसताना "थांबवू का?" या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

६ मिलि हा आकडा कुठून आला, हे आईला समजावणं गरजेचं होतं, कारण धाकट्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मुलांच्या या औषधात ५ मिलिमध्ये सल्फामेथॉक्साझोल २०० मिलिग्रॅम आणि ट्रायमेथोप्रिम ४० मिलिग्रॅम असतं. दोन्ही द्रव्यं जंतूंच्या फोलेट (वाढीला लागणारं जीवनसत्त्व) बनवण्याच्या साखळीतल्या वेगवेगळ्या पायऱ्या अडवतात. मात्रा मोजतात ती ट्रायमेथोप्रिमवर: दर किलोला दिवसाला ८ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. मुलीचं वजन १२ किलो, म्हणून दिवसाला ९६ मिलिग्रॅम, एका वेळी ४८, म्हणजे ६ मिलि. मोठ्यांसाठीचं याच नावाचं दुप्पट ताकदीचं पातळ औषधही असतं, तेव्हा दुकानातून घेताना बाटलीवरची "५ मिलिमध्ये किती" ही ओळ चिठ्ठीशी ताडून पाहावी.

धाकटा दहा महिन्यांचा, वजन ८ किलो. पाच वेळा पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, ताप नाही, अंगावर पितोय. असे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर हे औषध काहीच करत नाही. उलट पुरळ, उलट्या, आणखी जुलाब पदरात पडण्याची शक्यता. त्याला लागत होतं ते ओआरएस: पाकिटावर लिहिलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यात अख्खं पाकीट, अर्ध्या पाण्यात अर्धं नाही. दर जुलाबामागे ५० ते १०० मिलि, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावर पाजणं चालू ठेवायचं. जोडीला झिंक, सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी झिंक पूर्ण द्यायचं. सहा तास लघवी न होणं, डोळे खोल जाणं, सुस्ती, काहीच न पिणं किंवा शौचात रक्त दिसणं, यातलं काहीही झालं तर लगेच डॉक्टरांकडे.

"रक्त पडलं तर मग हे औषध चालेल ना? आतड्याचं लिहिलंय," आईने पुन्हा विचारलं. शंका रास्त आहे. एके काळी रक्ताच्या आवेवर हे औषध सर्रास वापरलं जाई. पण ती आव पसरवणारे शिगेला जंतू आता बऱ्याच ठिकाणी याला दाद देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत त्यासाठी पहिली पसंती दुसऱ्या औषधाला आहे. आणि रक्ताच्या जुलाबाचा एक प्रकार असा आहे, विष तयार करणाऱ्या ई. कोलाय जंतूचा, की त्यात अँटिबायोटिक दिल्याने मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. म्हणून तिथे अंदाजाने काही देऊ नये. माहितीपत्रकातली आजारांची यादी डॉक्टरांसाठी असते. सहा आठवड्यांच्या आतल्या बाळाला तर हे औषध साधारणपणे टाळतातच: यातलं सल्फा (सल्फामेथॉक्साझोल) रक्तातल्या बिलिरुबिनला, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याला, त्याच्या जागेवरून ढकलतं आणि ते मेंदूत जाऊन बसू शकतं.

सासूबाईंचं उत्तर थोडक्यात: नाही. त्या रक्तदाबासाठी रामिप्रिल घेतात. ट्रायमेथोप्रिम आणि या गटातली औषधं एकत्र आली की रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं, वय आणि मूत्रपिंडाची कमजोरी असेल तर अधिकच. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांत या औषधाने रक्तस्रावाची भीती असते. त्यांची लघवी तपासून डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता मुलीकडे परत. आईला आधी बजावलं, की राहिलेली घट भरून काढायला दुप्पट डोस द्यायचा नाही. लघवीचा कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीचा नमुना, पहिल्या डोसाच्या आधी दिला होता, हे चांगलं झालं. डोस सुरू झाल्यावर नमुना घेतला तर बऱ्याचदा जंतू उगवत नाहीत. रिपोर्ट आदल्या दिवशीच तयार झालेला, आणायचा राहिला होता. त्यात ई. कोलाय होता आणि या औषधासमोर "एस" हे अक्षर, म्हणजे जंतू याने मरतो. "आर" असतं तर माप सुधारून उपयोग नव्हता. बाटलीचा हिशोब आणि रिपोर्ट दोन्ही डॉक्टरांना कळवायला सांगितलं. त्यांनी सात दिवस नव्याने मोजायला सांगितले.

जुन्या बाटलीत उरलेलं वापरायचं नाही, कारण आधीच्या डोसांत वरचं पाणी गेल्याने तिच्यात गाळाचं प्रमाण जास्त झालेलं. हलवूनही ते आता लेबलावरच्या ताकदीचं होणार नाही. सात दिवसांचे चौदा डोस म्हणजे ८४ मिलि. ५० च्या दोन बाटल्या हव्यात, घरी एक बंद होती, दुसरी आणायला सांगितली. पहिल्या बाटलीत आठ डोस निघून २ मिलि उरतात, तिथे बरेच जण तेवढंच पाजून "संपलं" म्हणतात. त्यात नव्या बाटलीतले ४ मिलि घालून डोस पूर्ण करायचा.

बाकीच्या सूचना अशा. औषध खाण्यासोबत द्यावं, मळमळ कमी होते. दुधाच्या भरल्या बाटलीत मिसळू नये, मुलाने निम्मं टाकलं तर किती गेलं ते कळत नाही. दिवसभर पाणी भरपूर, म्हणजे सल्फाचे खडे लघवीत साठत नाहीत. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा, त्यानंतर झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबावं. डोस विसरला आणि चार तासांच्या आत आठवला तर द्यावा, नाहीतर सोडून द्यावा. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. पाणी घालून बनवायच्या पावडरच्या औषधांचे नियम वेगळे.

आणि पुरळ. सल्फाची पुरळ पहिल्याच दिवशी उठते असं नाही, दुसऱ्या आठवड्यातही उठू शकते. अंगावर पुरळ दिसली की पुढचा डोस न देता डॉक्टरांना दाखवावं. तोंडात फोड, डोळे लाल, त्वचा सोलवटणं, यांपैकी काही असेल तर वाट न पाहता रुग्णालय. घरात कुणाला जी-६-पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या विकराची) कमतरता असेल तर ते आधीच सांगायचं. तशा मुलात या औषधाने लाल पेशी फुटू शकतात: लघवी गडद तपकिरी होते, चेहरा फिका, डोळे पिवळे. मुलीला सल्फा पहिल्यांदाच मिळत होतं, म्हणून आईला हे दोनदा सांगितलं.

योग्य मात्रा सुरू झाल्यावर ४८ तासांत ताप परतला किंवा मुलगी पाठ दुखते म्हणू लागली तर सात दिवस संपायची वाट पाहायची नाही. सगळं सुरळीत गेलं तर शेवटी १६ मिलि उरेल. ते कपाटात ठेवायचं नाही. औषध परत घेणारं दुकान असेल तर तिथे द्यावं, नसेल तर मातीत किंवा लाकडाच्या भुशात कालवून, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाकावं. बेसिनमध्ये ओतू नये. जुन्या बाटलीतल्या गाळाचंही तेच करायचं, आणि ते त्याच दिवशी.