आधी सेल बघ, मग बेत ठरव
शनिवार-रविवारच्या जेवणाचा बेत ठरवून मग सेल शोधत बसू नकोस, उलट कर. शुक्रवारी सेलमध्ये काय आहे ते बघ, फ्रीज उघडून घरात काय उरलंय ते बघ, आणि त्यावरून दोन रात्रींचं जेवण ठरव. सवलतीच्या आकड्याला भुलू नकोस, किलोमागे भाव काढ. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. सेलमधल्या मालाची तारीख अनेकदा जवळ आलेली असते, म्हणून पाकीट उलटून बघच. पालेभाजी शनिवारीच संपव, कोबी-गाजर रविवारपर्यंत आरामात टिकतात. शिजवलेलं उरलं तर २ तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेव, ३-४ दिवसांत संपव. आणि हो, भुकेल्या पोटी खरेदीला जाऊ नकोस, मी अजूनही खाऊनच निघते.