रोझ बोल: चषक, मैदान की सामना?

प्रश्न असा आहे: ‘टेक्सास विद्यापीठाने २००६ साली रोझ बोल जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं’ या वाक्यातल्या ‘बोल’ला मराठीत काय म्हणायचं? रोझ बोल हे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमधलं नाव, सामन्याचंही आणि मैदानाचंही. विचारणाऱ्यांनी स्वतः ‘रोझ चषक’ सुचवलं आहे.

माझ्या मते चषक म्हणू नये. विश्वचषक, रणजी करंडक ही नावं विजेत्याच्या हाती येणाऱ्या भांड्यावरून पडली. बोल (इंग्रजीत वाडगा) हेही भांडंच, त्यामुळे जोडी जुळल्यासारखी वाटते. पण इथे नाव आलं ते मैदानाच्या आकारावरून. येल विद्यापीठाने १९१४ मध्ये न्यू हेवनला मैदान बांधलं ते जमीन खोल खणून. निघालेली माती भोवती रचली आणि त्या उतारावर प्रेक्षकांना बसवलं. वाडग्यासारखं दिसणारं ते ‘येल बोल’. पुढे कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला नवं मैदान उभं राहिलं, तेव्हा बांधणाऱ्यांपुढे नमुना हाच होता. त्या गावात नववर्षाला गुलाबांचा उत्सव भरायचा आणि त्याच्या जोडीला अमेरिकन फुटबॉलचा सामना. पहिला १९०२ साली झाला, त्यात मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९-० असा धुव्वा उडवला. दुसरा थेट १९१६ मध्ये. तोवर या सामन्याचा आणि ‘बोल’ या शब्दाचा काही संबंध नव्हता. १ जानेवारी १९२३ला सामना ‘रोझ बोल’ नावाच्या या नव्या मैदानात आला आणि मैदानाचं नाव सामन्याला चिकटलं. खरं तर तेव्हा ते मैदान घोड्याच्या नालासारखं एका बाजूने उघडं होतं, वाडगा पुरा झाला १९२८ मध्ये!

जागेचं नाव प्रसंगाला लागणं मराठीला नवीन नाही. जत्रेत कुस्त्यांचं ‘मैदान’ भरतं. ‘यंदाचं मैदान चांगलं झालं’ असं कुणी म्हणतं तेव्हा ते मातीबद्दल बोलत नसतं, कुस्त्यांबद्दल बोलत असतं. बोलचं तसंच झालं, आणि मग शब्द मैदानापासून सुटाच झाला. १९३५ मध्ये मायामीत ऑरेंज बोल हा सामना सुरू झाला. तिथल्या ज्या मैदानाला पुढे ऑरेंज बोल म्हणू लागले, त्याला ते नाव मिळालं १९५९ मध्ये, सामन्यावरून. म्हणजे उलटा प्रवास.

म्हणून मी ‘रोझ बोल’ तसाच ठेवीन आणि अर्थ प्रत्ययावर सोपवीन. आपण ‘वानखेडेवर सामना झाला’ म्हणतो, पण ‘रणजीमध्ये शतक ठोकलं’. तसंच मैदान असेल तर ‘रोझ बोलवर’, सामना असेल तर ‘रोझ बोलमध्ये’. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर १९४२चा सामना उत्तर कॅरोलिनातल्या डरहॅमला हलवावा लागला. त्याबद्दल मराठीत बिनधास्त लिहिता येतं: ‘१९४२चा रोझ बोल रोझ बोलवर झाला नाही.’ मैदानाला नपुंसकलिंग, सामन्याला पुल्लिंग, हेही आपोआप जमतं.

राहिला ‘जिंकून’चा प्रश्न, आणि तो महत्त्वाचा आहे. एरवी बोल जिंकला की विजेतेपद मिळालं, असं होत नाही. हे मुळात हंगामानंतरचे निमंत्रणाचे सामने. देशातला पहिला संघ कोणता हे वार्ताहर आणि प्रशिक्षक मतं देऊन ठरवत. १९९७च्या हंगामात तर एका यादीत मिशिगन पहिलं आणि दुसरीत नेब्रास्का. १९९८च्या हंगामापासून क्रमवारीतल्या पहिल्या दोन संघांना एका बोलमध्ये समोरासमोर आणायचं ठरलं, आणि तो मान चार बोलांना पाळीपाळीने मिळू लागला. ४ जानेवारी २००६ला पाळी रोझ बोलची होती. त्यामुळे या एका सामन्याला ‘अंतिम लढत’ म्हटलं तरी चालेल.

आणि लढत तशीच झाली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ सलग ३४ सामने जिंकून उतरलं होतं. सात मिनिटांहून कमी वेळ उरला असताना ते ३८-२६ असं पुढे होतं. टेक्सासचा क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हाती असलेला खेळाडू) व्हिन्स यंग याने आधी अंतर पाच गुणांवर आणलं. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आलं नाही, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. मग सदर्न कॅलिफोर्नियाने चौथ्या प्रयत्नात दोन यार्डांसाठी धाव घेतली, ती टेक्सासने रोखली आणि चेंडू परत यंगकडे आला. शेवटी टेक्सासचाही चौथा प्रयत्न, हवे होते पाच यार्ड. यंगला पास द्यायला कुणी मोकळं दिसेना, तेव्हा तो स्वतःच उजवीकडून धावत एंड झोनच्या, म्हणजे जिथे पोचलं की गुण मिळतात त्या टोकाच्या पट्ट्याच्या, कोपऱ्यात शिरला. घड्याळात १९ सेकंद उरले होते. टेक्सास ४१, सदर्न कॅलिफोर्निया ३८.

लेखनाचं म्हणाल तर ‘बाउल’ आणि ‘बोल’ दोन्ही छापलेलं दिसतं. उच्चाराला जवळचं ‘बोल’. मागे रोझ, शुगर, ऑरेंज असलं की ‘बोलणं’शी घोटाळा होत नाही. विचारणाऱ्यांचं मूळ वाक्य एकही शब्द न बदलता छापावं.