दिवा विझवणे आणि दोष शोधणे

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. इंदूरला नंदानगरच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून तू देवास नाक्याजवळच्या गॅरेजात लागलास, त्याला जेमतेम आठ महिने झाले असतील. एवढ्यातच 'काका, सगळे स्कॅनरच सांगणार असेल, तर आपल्या हाताला काय काम उरणार?' असे तू विचारले आहेस. या प्रश्नाचे उत्तर तुझ्याच पत्रात, तू लिहिलेल्या त्या पांढऱ्या गाडीच्या हकीकतीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

इंजिनाचा दिवा लागला, स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने, पी ०१७१ हा कोड दाखवला, तुमच्या उस्तादांनी धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलायला सांगितले आणि तीन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. दुसरा सेन्सर बसवला, तरी तेच. या कोडचा अर्थ इतकाच की इंजिनाला हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. सेन्सर बिघडला आहे, असे तो कोड कुठेही म्हणत नाही. उलट सेन्सरने आपले काम चोख केले म्हणूनच तक्रार तुझ्यापर्यंत आली. ताप मोजला म्हणून थर्मामीटर बदलावा, तसा हा प्रकार झाला.

हीच चूक मी स्वतः केलेली आहे. रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षकांची गाडी होती. मी सेन्सर बदलला, पैसे घेतले आणि आठवड्याच्या आत ते पुन्हा दारात उभे राहिले. तेव्हा कुठे मी इंजिन चालू ठेवून खाली वाकलो आणि कान दिला. इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या मागे व्हॅक्यूमची एक रबरी नळी वळणावर चिरली होती आणि तिथून बारीक शीळ येत होती. जी हवा मोजलीच गेली नव्हती, ती तिथून आत शिरत होती. नळी बदलण्याचा खर्च सेन्सरच्या मानाने काहीच नव्हता. मी त्यांचे पैसे परत केले, परंतु त्यांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास मला आजही आठवतो आणि ग्राहकाचा खिसा हलका करून शिकण्याची सवय तुला लागू नये, असे मनापासून वाटते.

आमच्या पिढीचे शिक्षण फार वेगळे होते. पद्मिनी आणि अॅम्बॅसडरच्या काळात इग्निशनच्या पॉइंटची फट फीलर गेजच्या पातळ पट्टीने लावायची, कार्बोरेटरचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत इंजिनाचा आवाज स्थिर करायचा, प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहायचा आणि त्यावरून मिश्रण ओळखायचे. बिघाड डोळ्यांना दिसत असे, हाताला लागत असे. एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळे इंधन फवारण्याची पद्धत, आली तसा कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी सेन्सर आणि संगणक आले, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर धुराच्या नळीतले मोजमाप आणखी कडक झाले. कान, नाक आणि हात यांची गरज मात्र संपलेली नाही. त्यांनी कुठे पाहायचे, हे आता आकडे सांगतात, आणि आकड्यांचा अर्थ लावणे हेच तुझ्या पिढीचे मुख्य कौशल्य आहे.

आकडे म्हणजे काय, ते तुझ्याच गाडीवर पाहा. कोड वाचून स्कॅनर बाजूला ठेवू नकोस, लाइव्ह डेटा उघड. त्यात फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे असतात, एक तात्कालिक आणि एक दीर्घकालीन. संगणक ठरलेल्या इंधनात किती टक्के भर घालतो आहे किंवा किती कपात करतो आहे, ते त्यांतून कळते. गाडी आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता उभी असताना, दोहोंची बेरीज वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर असेल आणि इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर नेल्यावर ती शून्याच्या जवळ येत असेल, तर बाहेरची हवा कुठून तरी आत शिरते आहे असे समज. कारण आयडलवर इंजिन हवा थोडीच घेते, त्यामुळे चिरेतून येणारी हवा तिच्या मानाने मोठी ठरते, आणि फेरे वाढले की तीच हवा नगण्य होते. याउलट फेरे आणि भार वाढताना आकडाही वाढत गेला, तर इंधनाचा दाब, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा. एकही नट न उघडता शोधाची दिशा निम्मी ठरते.

स्कॅनर विकत घ्यावा का, असेही तू विचारले आहेस. आधी चांगला मल्टिमीटर घे आणि वायरिंग डायग्राम वाचायला शीक. आपल्या माळव्यात पावसाळ्यात पाणी साचले की उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात, कनेक्टरमध्ये ओल जाऊन हिरवट गंज चढतो, आणि मग स्कॅनर एकाच वेळी दहा कोड दाखवतो. अशा वेळी दहा सेन्सर बिघडले असे समजू नकोस, आधी अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली ऋण तार, आणि पुरवठा तपास. अर्थिंगची तपासणी नेहमी भार, म्हणजे विजेवर चालणारे काही तरी, चालू ठेवून करावी, कारण एकाच तारेवर तगलेली वायर रिकामी असताना मीटरवर निरोगी दिसते आणि भार आला की व्होल्टेज गमावते. कॅनची, म्हणजे गाडीतले संगणक ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन तारांची, जोडी तपासायची असेल तर बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधील ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोज, तो साधारण ६० ओहम यायला हवा. १२० आला तर दोन टोकांच्या रोधांपैकी एक तुटला आहे. डायग्राम आणि मॅन्युअल इंग्रजीत असतात. गॅरेजातली आपली भाषा हिंदी, घरची मराठी, तरी इंग्रजी संज्ञांची एक वही आजपासून घाल.

आणखी एक कौशल्य आहे, ज्याला आम्ही कौशल्य समजतच नव्हतो. ते म्हणजे ग्राहकाला विचारणे. बीएस-६ डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबला की अनेक मेकॅनिक तो काढून टाकण्याच्या गोष्टी करतात. ते बेकायदेशीर आहे, आणि तू कधीही करू नयेस. आधी विचार, गाडी कुठे चालते? घर ते राजवाडा आणि राजवाडा ते घर, एवढाच प्रवास असेल तर फिल्टरमधील काजळी जाळण्याइतकी उष्णता तयारच होत नाही. जाळण्यासाठी सोडलेले जास्तीचे डिझेल तेलात उतरते आणि डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणून आनंद मानणारे ग्राहक मी पाहिले आहेत. तेल बदलावे, तेही कमी राखेचे, उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचे. मग बायपासवर एकसारख्या वेगाने गाडी नियमित चालवायला सांगावे.

विजेच्या गाड्यांबद्दल मात्र मी कठोरपणे लिहितो. नारिंगी वायरींमध्ये बहुधा ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतो, आणि तिथे 'करून पाहू' या वृत्तीला जागा नाही. रीतसर प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. घेतल्यानंतरही मोठ्या बॅटरीचा पुरवठा तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होण्यासाठी मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटे थांबायचे, हातमोज्यांत हवा भरून छिद्र नाही ना ते पाहायचे, आणि मीटर आधी चालू पुरवठ्यावर, मग गाडीवर, मग पुन्हा चालू पुरवठ्यावर लावून पाहायचा, म्हणजे शून्य दिसले ते मीटर बंद पडल्यामुळे नाही याची खात्री होते. उस्तादांनी घाई केली तरी यातील एकही पायरी गाळू नकोस. त्यांना वाईट वाटले तर माझे नाव सांग.

आता ती पांढरी गाडी. आणखी कोणताही भाग बदलू देऊ नकोस. इंजिन गरम झाल्यावर दोन्ही ट्रिमचे आकडे आयडलवर आणि २५०० फेऱ्यांवर, एसी बंद ठेवून, वहीत लिहून घे आणि मला कळव. आकडे आयडलवरच जास्त आले, तर रविवारी सकाळी गाडी माझ्याकडे घेऊन ये, आपण दोघे मिळून ती चीर शोधू.

तुझा,
काका