टीम आहे, पण बोलावतं कोण?

प्रश्न : आमच्याकडे कोड ब्लू होतंच. आता रॅपिड रिस्पॉन्स टीमही आली आहे. तरी वॉर्डातले रुग्ण ‘अचानक’ खालावतात. असं का? – वॉर्डातील परिचारिका

उत्तर : कोड ब्लू म्हणजे हृदय किंवा श्वास थांबल्यावर द्यायची तातडीची हाक. रॅपिड रिस्पॉन्स टीम म्हणजे खालावू लागलेल्या रुग्णाकडे धावून येणारी टीम; ती त्याच्या कितीतरी आधी बोलवायची. १९९० मध्ये सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये ही पद्धत सुरू झाली ती त्यासाठीच. ‘अचानक’ म्हणतो त्या रुग्णाचा चार्ट मागे उलटून बघा. बहुतेकदा काही तास आधीच खुणा दिसतात.

मोठ्या माणसांसाठी नेहमीचे निकष (आकडे रुग्णालयागणिक थोडे बदलतात) : श्वास मिनिटाला ८ च्या खाली किंवा ३० च्या वर, नाडी ४० च्या खाली किंवा १३० च्या वर, वरचं बीपी ९० च्या खाली, ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९० टक्क्यांच्या खाली, शुद्धीत फरक. आणि आकडे ठीक असूनही ‘हा रुग्ण मला बरा दिसत नाही’ ही तुमची शंका. तीही पुरेशी आहे.

खरी गफलत श्वासाच्या रकान्यात होते. सगळ्या खाटांवर १८ नाहीतर २०! श्वास अंदाजाने लिहू नका. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि पूर्ण ६० सेकंद छातीकडे बघून मोजा; मोजतोय हे कळलं की रुग्णाचा श्वास बदलतो. ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९७ आणि श्वास ३२ असेल, तर ९७ वर विसंबू नका. शरीर जिवाच्या आकांताने तो आकडा टिकवून धरतंय. न्यूज-२ तक्त्यात (श्वास, नाडी, बीपी अशा नोंदींना गुण देऊन धोका ओळखण्याचा तक्ता) श्वास २५ किंवा जास्त असला की एकट्या त्याचेच ३ गुण होतात. एकूण ७ किंवा जास्त गुण म्हणजे आणीबाणी.

दुसरं कारण भीती : ‘उगाच बोलावलं’ म्हणून ओरडा बसेल. तसा ओरडा एकदा बसला की पुढच्या वेळी फोन उशिराच जातो, म्हणून तो थांबवणं वरिष्ठांचं काम. फोनवर एवढंच सांगा : ‘खाट १२, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. श्वास ३२, दोन तासांपूर्वी २२ होता. नाडी १२८, बीपी ९४, चार तासांत लघवी ४० मिली. सेप्सिसची शंका आहे, लगेच या.’ (सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे अवयवांवर होणारा जीवघेणा परिणाम.)

प्रश्न : नातेवाइकांना ही टीम बोलावता येते का? – एक वाचक

उत्तर : काही ठिकाणी येते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ‘रायन्स रूल’, इंग्लंडमध्ये ‘मार्थाज रूल’ त्यासाठीच आहे. तुमच्या रुग्णालयात सोय आहे का, हे भरती करतानाच विचारा. नसली तर सिस्टरना नेमका बदल सांगा : ‘सकाळी ओळखत होते, आता मला ओळखत नाहीत.’