माळा रिकामा करणाऱ्या मुलीस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तू पाठवलेली एकवीस छायाचित्रे मी दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. त्यांच्याखाली तू एवढेच लिहिले होतेस की महिनाअखेर वाडा रिकामा करायचा आहे, गंगापूर रोडच्या नव्या घराला माळा नाही, बाबा म्हणतात सगळे मोडीत घाला, आत्या म्हणते एक चमचाही विकायचा नाही, तर आजोबा, मी काय ठेवू? मोबाईलवर लांब मजकूर लिहिणे मला जमत नाही, म्हणून हे फुलस्केपचे ताव. नाशकातल्या तिवंध्याजवळच्या त्या वाड्यात मी वयाची पहिली सव्वीस वर्षे काढली आहेत आणि तुझ्या आजीला आम्ही सगळे वहिनी म्हणत असू, त्यामुळे त्या एकविसांपैकी बऱ्याच वस्तू माझ्याही ओळखीच्या आहेत.

जुन्या वस्तूंवर माया करावी हे तुला सांगण्याची गरज नाही. ती नसती तर त्या पितळी डब्यावरची धूळ तू ओढणीने पुसली नसतीस. (छायाचित्रात ओढणीचे टोक दिसते.) माझे सांगणे निराळे आहे आणि ते कोरडे वाटेल. जी वस्तू तू वापरणार असशील ती ठेव. जी वापरणार नसशील ती कितीही सुंदर असली तरी ठेवू नकोस.

पातेल्यांपासून सुरुवात करू. तिसऱ्या आणि चौथ्या छायाचित्रातली तीन पितळी पातेली ठेव, पण ती तशीच गॅसवर चढवू नकोस. आतली कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, पार उडालेली आहे आणि उघड्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवलीस तर ती कळकेल. आंबटाने तांबे-पितळ सुटते आणि अन्नात उतरते, एवढेच त्यामागचे कारण. भांडी बाजारात किंवा तांबट आळीत विचारलेस की कल्हई करणारा कोण उरला आहे ते कळेल. त्याच्याकडे पातेली ठेवून निघून येऊ नकोस, समोर बस. तो भांडे भट्टीवर तापवील, आत नवसागर भुरभुरवील, त्याचा पांढरा धूर नाकात झोंबेल, मग तो कथलाची कांडी तापलेल्या पितळेला टेकवील आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील असे फिरवील की काळपट भांड्याच्या पोटात डोळ्यांदेखत चांदणे उतरेल. कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसे नाही ना, हे आधी विचार. विचारताना संकोच करू नकोस. कथील 232 अंशांना वितळते, म्हणून कल्हईचे पातेले रिकामे तापत ठेवायचे नाही, त्यात थेट फोडणी करकरवायची नाही, तारेच्या घासणीने खरवडायचे नाही आणि ढवळायला लाकडी डाव घ्यायचा. इतके सांभाळूनही काही महिन्यांनी कल्हई जाईल आणि पुन्हा करावी लागेल. हे पुन्हापुन्हा करणे ज्याला जाच वाटतो त्याने पितळ ठेवू नये.

हे सारे मला आज पाठ आहे, पण जेव्हा पाहिजे होते तेव्हा ठाऊक नव्हते. 1977 साली मी नेमका तुझ्याच जागी उभा होतो. नाशिकरोडला, मी नोकरी करत होतो त्या तिकिटे छापणाऱ्या प्रेसच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि आईची भांडी त्या खोल्यांत मावणार नव्हती. हंडा, कळशी, घंगाळ, दोन पराती, पाणी तापवायचा तांब्याचा बंब, सगळे मी हातगाडीवर घालून भांडी बाजारात नेले, मोड म्हणून वजनावर दिले आणि त्या बदल्यात स्टीलचे डबे घेऊन आलो. आई काही बोलली नाही. तिने फक्त एक मध्यम पातेले पदराखाली धरून ठेवले होते, जणू मी तेही ओढून घेणार होतो. तेव्हा मी वागलो ते अगदीच चूक होते असे मी आजही मानत नाही. वसाहतीत बंब पेटवायची सोय नव्हती, नळाला पाणी तासभर यायचे, आणि कल्हईवाल्याची फेरी आधीच विरळ झाली होती. कल्हईवाला येईना म्हणून लोकांनी भांडी मोडीत घातली आणि भांडी मोडीत गेली म्हणून कल्हईवाला येईना. त्या चक्रात एकट्या माझ्या हंड्याने काय फरक पडणार होता? हा युक्तिवाद मी इतक्या वर्षांत इतक्यांदा केला आहे की त्याला आता घासून घासून कल्हई उरलेली नाही. ते मध्यम पातेले मात्र आजही माझ्या ओट्यावर आहे. सून दर वेळी म्हणते की कल्हईला जातो तेवढ्यात नवे भांडे येईल. येईल. मी तरीही जातो.

जात्याचे आणि पाट्याचे छायाचित्र पाहून मला थोडा राग आला, तुझा नव्हे. जात्यावर काच बसवून त्याचे टेबल करायचे, कंदिलात विजेचा दिवा सोडायचा, उपाहारगृहाच्या भिंतीवर सूप टांगायचे, हे हल्ली चालते. जाते ही कष्टाची वस्तू होती आणि ते कष्ट कोणाचे होते हे आठवणी काढणारे पुरुष सोयीने विसरतात. वहिनी पहाटे दळायला बसत तेव्हा त्यांच्या ओव्या आम्हाला गोधडीत ऐकू येत आणि आम्ही कूस बदलून पुन्हा झोपत असू. त्यांच्या उजव्या खांद्याने म्हातारपणी त्याची किंमत मोजली, हे तू पाहिले आहेस. तेव्हा जाते गेले म्हणून गहिवरू नकोस. पाटा-वरवंटा ठेवायचा असेल तर आधी त्याला टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने तो खडबडीत करून देणारा शोध, कारण गुळगुळीत झालेल्या पाट्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती सरकते. आणि आठवड्यातून एकदा तरी स्वतः वाटणार असशील तरच ठेव. पितळी स्टोव्ह देऊन टाक. रॉकेल कुठून आणशील?

मापे मात्र ठेव: चिपटे, मापटे, शेर. देशात मेट्रिक मापे सक्तीची होऊन 1962 पासूनचा काळ लोटला, पण घरातल्या तांदळाला कायदा आडवा येत नाही. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, एवढे लक्षात ठेव आणि रोजचा भात चिपट्याने मोजून टाक.

आता त्या पत्र्याच्या डब्याविषयी. त्यात तुझ्या आजीला आलेली अंतर्देशीय पत्रे आहेत आणि तू लिहितेस की ती स्कॅन करून ठेवणार आहेस, शिवाय रोज एका वस्तूचे छायाचित्र चार ओळींसह लोकांना दाखवणार आहेस. स्कॅन अवश्य कर; कागद कुसके होतात. पण त्याने पत्र वापरले जाते असे समजू नकोस. बाबा आणि आत्या यांना एका संध्याकाळी समोरासमोर बसव आणि ती पत्रे मोठ्याने वाच. मोडीत घालायचे की ठेवायचे हे त्यांचे भांडणही कदाचित तिथेच निवळेल. आणि दुसरे, पत्र लिही. ज्यांना पत्राचा डबा जपावासा वाटतो त्यांच्यापैकी किती जण पत्र लिहितात? पोस्टकार्ड अजून 50 पैशांना मिळते आणि अंतर्देशीय अडीच रुपयांना, तरीही लोक टपालाच्या आठवणी काढतात आणि टपाल टाकत नाहीत. तार 2013 च्या जुलैत बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी आठवण म्हणून तारा करायला रांगा लागल्या. त्या रांगांतल्या माणसांनी आधीच्या वर्षी किती तारा केल्या होत्या? 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हाही असेच उसासे ऐकले.

हे मी रागाने लिहितो आहे, कारण मला तसे वागल्याचे शल्य आहे. 1925 साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि त्याच्या पुढल्याच वर्षापासून, पूर्वी लंडनहून छापून येणारी देशाची टपाल तिकिटे आपल्या गावात छापली जाऊ लागली. त्या प्रेसमध्ये मी सदतीस वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी तिकिटांना छिद्रे पाडणाऱ्या यंत्रावर. देशभरच्या माणसांनी एकमेकांना लिहावे म्हणून लागणारा कागद माझ्या हातांखालून गेला. माझी थोरली बहीण भुसावळला होती. ती महिन्याला एक अंतर्देशीय पाठवी, आणि जागा संपली की घडीच्या पट्टीवर, मग कडेने उभे, इतके बारीक लिही की पत्र गोल फिरवीत वाचावे लागे. 1994 मध्ये घरी फोन आला आणि मी मोठ्या ऐटीत तिला कळवले की आता लिहीत बसू नकोस, फोन करत जा. तिला फोनवर बोलता येत नसे. मिनिटांचे पैसे पडतात या धास्तीने ती बरे आहात ना, आम्ही बरे आहोत, एवढे म्हणून ठेवून देई. त्यानंतर ती चौदा वर्षे जगली आणि त्या चौदा वर्षांतली तिच्या हातची एकही ओळ माझ्याजवळ नाही. आधीची पत्रे जपून ठेवली आहेत, तुझ्यासारखीच, डब्यात. त्यांचा मला काय उपयोग होतो? मी ती काढतो आणि ठेवतो. तिकडून काही येत होते तोवर मी इकडून लिहीत राहायला हवे होते, एवढेच होते आणि तेवढेच मी केले नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि पुनरुक्ती होते आहे हे जाणून सांगतो: वापरशील तेच ठेव. काचेच्या कपाटाचा विचार सोडून दे. पानाचा डबा हवा असेल तर त्यात मसाले ठेव, अडकित्त्याने सुपारी नाही तर गुळाचा खडा फोड, तांब्याचा गडू उशाशी पाणी भरून ठेव आणि तो काळवंडला की चिंचेने घास. वस्तूला पोचे पडतील, पडू देत. बाकीचे बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, नेऊन विकलेस तर अपराधी वाटून घेऊ नकोस. तिथे विकत घेणारा बहुधा ते वापरण्यासाठीच घेतो. मोडीच्या वजनकाट्याकडे सगळ्यांत शेवटी जा.

राहता राहिला एकविसाव्या छायाचित्रातला बंब. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. तो तू वापरणार नाहीस. आठव्या मजल्यावर ढलप्या आणि शेणी घालून त्याची नळी पेटवणे तुला शक्य नाही आणि ते मला सांगायचेही नाही. माझ्या नियमाप्रमाणे तो जायला हवा. त्याची तोटी वाकडी आहे, ती तुझ्या बाबांच्या मुंजीच्या दिवशी माझ्या हातून वाकली, आणि दर दिवाळीला तो घासताना वहिनी मला त्यावरून बोलत. मी तो एकदाही घासला नाही. तर, तो कोणाला देण्याआधी मला एक फोन कर. माझ्याकडेही तो पेटवायला जागा नाही. मुलगा रिक्षा घेऊन येईल, किंवा मीच येईन.

तुझा,
आजोबा